काकांनी धुराडं उघडलं

आमच्या मावससासऱ्यांइतका घाबरट धाडसी माणूस उभ्या अमेरिकेत दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याने आधी हेल्मेट घातलेलं असेल. आमच्या हिच्या मावशीचे हे यजमान. मी त्यांना काका म्हणतो आणि ते मला जावईबापू म्हणतात. फोनवर सकाळी आठच्या आत 'जावईबापू' ऐकू आलं की मी काही न विचारता जुनी पँट चढवतो, कारण त्या दिवशी श्रूजबरीतल्या त्यांच्या घरात काहीतरी उघडलं जाणार असतं. बंद पडलेली, चिकटलेली, गंजलेली किंवा कुणी मुद्दाम बुजवलेली वस्तू दिसली की या माणसाचा जीव खालीवर होतो. पण उघडायच्या आधी ते खबरदारीही इतकी घेतात की उघडणाऱ्याचा उत्साह अर्ध्या वाटेत मरावा. काकांचा मात्र मरत नाही, उलट प्रत्येक खबरदारीबरोबर वाढत जातो.

काका एका केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण ही बातमी फक्त कारखान्याला कळली आहे, काकांना नाही. मावशी भजी तळायला बसल्या की हे मागे कढईचं झाकण हातात धरून उभे. कुठे जायचं असलं की गाडीभोवती आधी एक प्रदक्षिणा, तीही उजवीकडून. त्यांच्याकडच्या गणपतीत आरतीच्या आधी पाच मिनिटांचं भाषण होतं: आग लागली तर मागच्या दाराने बाहेर पडायचं, समोरच्या मेपलखाली जमायचं, आणि कुणीही चपला शोधायच्या नाहीत. शेवटचं वाक्य ते दोनदा म्हणतात, कारण त्यांना आपली माणसं माहीत आहेत. मग निरांजन लागतं आणि काका एका हाताने टाळी वाजवतात, दुसऱ्या हातात आग विझवायचा लाल सिलिंडर असतो. एका पाहुण्याने एकदा विचारलं, "काका, गणपतीवर विश्वास नाही का तुमचा?" काका म्हणाले, "गणपतीवर आहे, कापरावर नाही."

आता उघडण्याचं ऐका. आम्ही लग्नानंतर जवळच भाड्याचं घर घेतलं तेव्हा काका वास्तू बघायला आले. पेढा तोंडात टाकता टाकता त्यांची नजर बेडरूमच्या खिडकीवर गेली. घरमालकाने रंगाचे थरावर थर देऊन ती कायमची चिकटवून टाकली होती. काकांनी खिशातून पातळ पातं काढलं (ते खिशात असतंच), गॉगल लावला, मला दहा फूट मागे उभं केलं आणि पाऊण तासात खिडकी उघडून दाखवली. मग ती बंद होईना. जानेवारी महिना होता. आम्ही ती थंडी खिडकीत टॉवेल कोंबून काढली आणि काका भेटले की दर वेळी अभिमानाने विचारत, "काय, खिडकी कशी आहे?" भीक नको पण कुत्रा आवर, असं मी मनात म्हणायचो. तोंडावर म्हणायची माझी काय टाप.

अशा माणसाच्या स्वतःच्या दिवाणखान्यात एक बंद गोष्ट एकतीस वर्षं तशीच बंद राहिली होती, हे कुणाला खरं वाटेल? बाकीच्या मराठी मंडळींनी नव्या कॉलनीत दोन गाड्यांच्या गॅरेजची घरं घेतली, तेव्हा काकांनी दीडशे वर्षांचं लाकडी घर घेतलं. का, तर दिवाणखान्यात फायरप्लेस आहे. म्हणजे होती. वरची दगडी फळी तेवढी शाबूत, आणि खाली जिथे विस्तव असायचा तिथे कुणीतरी लाकडी फळा ठोकून त्यावर भिंतीचा फुलाफुलांचा कागद चिकटवलेला. काका म्हणाले, राहायला आलो की पहिल्या रविवारी उघडू. पण राहायला आले त्या शनिवारीच मावशींनी त्या दगडी फळीवर देव मांडले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती आणि माहेरून आलेला टाक. पूर्व दिशा, उंची बरोबर, भिंत कोरी. "देव बसले की उठवायचे नाहीत," मावशी म्हणाल्या आणि काकांचं घोडं तिथे जे अडलं ते अडलंच. रोज सकाळी नमस्कार करताना त्यांचे डोळे मिटलेले नसत. फळ्याच्या कडांवरून फिरत असत.

घर मोठं देखणं, पण हाडं गोठवणारं. मावशी साताऱ्याकडच्या, उन्हात वाढलेल्या. या घरात त्या ऑक्टोबरपासून मेपर्यंत दोन पायमोज्यांत वावरत, वरचे लोकरीचे आणि आतले सुती. त्यांची एकुलती एक लेक ॲरिझोनात नर्स आहे. तिकडे थंडी औषधाला मिळत नाही. गेल्या वर्षी मावशी बाथरूममध्ये त्या दुहेरी मोज्यांवरून घसरल्या, मनगट मोडलं, आणि लेकीने फोनवर निकाल देऊन टाकला: घर विका आणि माझ्याकडे या. काका त्या घराचं एकेक दार, एकेक बिजागरी स्वतःच्या हातांनी मोकळं करत म्हातारे झाले होते. हे घर गेलं असतं तर काकांमधलं काय उरलं असतं कोण जाणे. मावशींनाही ते कळत होतं, पण पाय त्यांचे गार पडत होते, काकांचे नाही. शेवटी सप्टेंबरातल्या एका रविवारी आम्ही जेवायला गेलेलो असताना त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "या हॉलमध्ये एक संध्याकाळ मला पायमोजे काढून बसता आलं तर मी कुठे जात नाही. नाहीतर दसऱ्याला ती येतेय, एजंटलाही बोलावलंय, मी सही करून मोकळी होणार."

काका उठून देवांसमोर उभे राहिले. उदबत्ती लागलेली होती. आणि अचानक ते मला म्हणाले, "जावईबापू, इकडे या. धूर बघा." उदबत्तीचा धूर वर न जाता खाली वळत होता आणि फळ्याच्या कडेच्या फटीतून आत शिरत होता, एखाद्याने पलीकडून ओढून घ्यावा तसा. "वर धुराडं उघडं आहे," काका पुटपुटले, "बुजलेलं नाही, श्वास घेतंय." मावशी वाटीत आमटी वाढत म्हणाल्या, "रोज जातो आत. एकतीस वर्षं जातोय. तुम्हाला आज दिसला होय?" मग पळी खाली ठेवून त्या जे बोलल्या ते ऐकायला काका एकतीस वर्षं थांबले होते. "मी देव हलवते. उघडा काय ते."

पुढचा शनिवार मी जन्मात विसरणार नाही. मावशींनी देव जेवणाच्या टेबलावर मांडले. नेमका पाण्याचा जगही तिथेच होता, तेव्हा देव पाण्यात घालायचेच तेवढे बाकी होते. काकांनी जुन्या रंगात शिसं आहे का ते तपासायची काडी आणली, ती लाल झाली, तेव्हा रंग खरवडायचा नाही, ओला करूनच काढायचा, असं ठरलं. सगळा हॉल प्लास्टिकने झाकला. विषारी वायूचे तीन अलार्म लावले. मला, आमच्या हिला, मावशींना मास्क आणि हेल्मेट. मावशींचं हेल्मेट अंबाड्यावर बसेना, तेव्हा काकांनी त्यांना अंबाडा सोडायला लावला आणि त्या पाठीवर वेणी, डोक्यावर पिवळं हेल्मेट अशा खुर्चीवर बसल्या. काकांनी आधी पेनाएवढं भोक पाडलं, टॉर्च लावून आत डोळा घातला आणि तसेच राहिले. "काय दिसतंय?" आम्ही तिघांनी एकदम विचारलं. "अंधार," काका म्हणाले, पण असे म्हणाले की मला ताबडतोब तो अंधार बघावासा वाटला. आम्ही रांग लावून बघितला.

फळा निघाला तेव्हा आतून काजळीचा एक लोट आला. तो बसल्यावर विटांची काळी ठिक्कर कमान दिसली. खाली पक्ष्यांच्या घरट्यांच्या काटक्यांचा ढीग, वरून पडलेल्या चारदोन विटा आणि मधोमध एक अर्धं जळालेलं लाकूड. कुणीतरी शेवटची शेकोटी पेटवली असणार, ती अर्ध्यावर विझली असणार आणि मग पुन्हा कुणी पेटवलीच नाही. काकांनी ते लाकूड हातमोज्यांतून असं उचललं की जणू बाळ. "हे टाकायचं नाही," ते म्हणाले. नाकावर काजळी, गॉगलच्या आत पाणी. मी म्हटलं, काका, पेटवायची का? त्यावर मला अर्ध्या तासाचं प्रवचन मिळालं. धुराड्याला आतून कुठे तडा असेल तर धूर दिसतो तरी, पण धुराबरोबर येणारा वायू दिसत नाही, वास येत नाही, माणूस झोपेत जातो. तेव्हा धुराडं साफ करणारा माणूस येऊन वरपासून खालपर्यंत तपासल्याशिवाय काडी ओढायची नाही. त्यांनी लगेच पाटी लिहिली, 'पेटवू नये', मराठीत आणि इंग्रजीत, आणि फायरप्लेसच्या तोंडाशी टांगली. मावशींनी देव परत फळीवर मांडले.

आता न्यू इंग्लंडात पानगळ सुरू झाली की साऱ्यांना एकदमच धुराड्याची आठवण होते. काकांना तारीख मिळाली ती दसऱ्यानंतर दहा दिवसांची. लेक येणार दसऱ्याच्या शनिवारी, एजंट येणार रविवारी. काकांनी फोन करून विनवण्या केल्या, पण तारीख हलली नाही. त्या दिवसांत काका अचानक शांत झाले. बाहेरून मोठा आरसा आणून, टॉर्च घेऊन, उताणे पडून धुराड्यात तासन्‌तास बघत बसत. मला वाटलं, उत्साह.

शुक्रवारी संध्याकाळी, लेक यायच्या आदल्या दिवशी, मावशींकडे नवरात्राचं जेवण होतं. आता आपल्याकडे नवरात्रात ऊद घालायचा म्हणजे धुपाटण्यात निखारे, वर ऊद, घरभर धूर. आणि अमेरिकेत घरभर धूर म्हणजे छतावरचा अलार्म किंचाळणार. गेली एकतीस वर्षं मावशींची आरती त्या अलार्मच्या साथीवर होत आली होती आणि काका स्टुलावर चढून वर्तमानपत्राने वारा घालत आले होते. त्या दिवशी मावशींना सुचलं, की समोर एवढं मोठं धुराचं तोंड उघडं असताना हा खटाटोप कशाला? काका बाहेर बर्फी आणायला गेले होते. मावशींनी पाटी बाजूला सारली आणि धुपाटणं सरळ फायरप्लेसच्या आत ठेवलं. "मी पेटवलं कुठे," त्या मला म्हणाल्या, "ऊद घातलाय." धूर झकास वर चालला. खालचा अलार्म गप्प. मावशींचा चेहरा असा उजळला की मी फोटो काढला. आणि पाच मिनिटांनी वरच्या मजल्यावरून किंचाळी आली. काकामावशींच्या झोपायच्या खोलीतला अलार्म वाजत होता.

आम्ही धावलो. तेवढ्यात काकाही आले, बर्फीचा डबा हातात तसाच. खोलीत उदाचा दरवळ. मावशींच्या कपाटाचं दार उघडलं तर आत धुकं, आणि पैठण्यांच्या मागच्या, धुराडं जिथून वर जातं त्या भिंतीतून धुराची बारीक रेघ हळूहळू बाहेर येत होती. काकांनी खिडक्या उघडल्या, खाली जाऊन धुपाटणं अंगणात नेलं, सगळं रीतसर केलं. मग मला म्हणाले, "जावईबापू, जरा गॅरेजमध्ये या." तिथे ताडपत्रीखाली सुक्या काटक्या रचलेल्या होत्या, वर्तमानपत्राचे बोळे, काडेपेटी आणि ते अर्धं जळालेलं लाकूड. "उद्या सकाळी पेटवणार होतो," काका म्हणाले. "ती यायच्या आधी. आरशात बघून मीच पास केलं होतं. आणि रात्री आम्ही वर, त्या कपाटाला डोकं लावून झोपलो असतो." पाटी त्यांनी सगळ्या घरासाठी लावली होती, आणि ती मोडायचा बेत करणारा घरात एकटा तोच माणूस निघाला होता. मला त्यांचा राग आला, पण तो टिकेना. चाळीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलेली गोष्ट हा माणूस बायकोच्या गार पायांपायी विसरला होता.

दुसऱ्या दिवशी लेक आली. बॅग खाली ठेवायच्या आधीच फायरप्लेसकडे बघून म्हणाली, "वॉव बाबा, इज इट वर्किंग?" काका 'अजून तपासायचंय' म्हणून वेळ मारून नेऊ शकले असते. त्यांनी हात मागे बांधले, कारखान्यात अपघाताची चौकशी चालते तसे उभे राहिले आणि म्हणाले, "नाही. आत तडा आहे. मला तो दिसला नाही, तुझ्या आईच्या उदाला दिसला. मी आज पेटवणार होतो. माझं चुकलं." लेक भांडायच्या तयारीनिशी आली होती, तिने आता कुठे हातातली बॅग खाली ठेवली. मावशी दाराच्या तोरणाला आंब्याच्या पानांऐवजी मेपलची पानं ओवत होत्या. सुई न थांबवता म्हणाल्या, "एजंटला कॅन्सल कर." लेक म्हणाली, "आई, बट इट्स नॉट सेफ, ही जस्ट सेड सो." मावशी म्हणाल्या, "तेच तर. 'माझं चुकलं' हे या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकतेय. जो हे म्हणू शकतो त्याला मी नाताळपर्यंत मुदत देते. पायांची अट आहे तशीच आहे."

ठरल्या तारखेला धुराडं साफ करायला एक साठीची गोरी बाई आली. हिला काका जन्मात विसरणार नाहीत, कारण ती त्यांच्याहून जास्त खबरदारी घेत होती. तिने वरून कॅमेरा सोडला आणि आम्ही सगळे पडद्याला चिकटून बसलो. कपाटाच्या मागे, नेमकी तिथेच, बोट जाईल एवढी भेग. "धूर सोडून कुणी तपासलं होतं का आधी?" तिने विचारलं. मावशींनी शाळेतल्यासारखा हात वर केला. बाईने उदाचं पाकीट मागून घेतलं, वास घेतला, आणि काकांना सांगितलं की तुम्ही राहू द्या, मी यांना कामावर घेते. मग छपरापासून खालपर्यंत धुराड्याच्या पोटात स्टीलचा नळ उतरवला गेला, पक्षी येऊ नयेत म्हणून वर जाळीची टोपी बसली, खालच्या विटा नव्याने सांधल्या, आणि पुन्हा तपासून तिने 'पेटवायला हरकत नाही' असा कागद सही करून दिला. काकांनी तो लॅमिनेट केला. ऊब देवांना सोसणार नाही म्हणून मावशींनी त्यांना समोरच्या भिंतीवर नेलं. "आता समोरूनच शेकतील," त्या म्हणाल्या.

डिसेंबरात एका संध्याकाळी बर्फ पडत असताना आम्ही जमलो. वाळूची बादली, लाल सिलिंडर, तीन अलार्म, भाषण, चपला शोधायच्या नाहीत. मावशींनी विटांना हळदकुंकू वाहिलं. काकांनी ते अर्धं लाकूड मधोमध ठेवलं, काडी ओढली आणि मागे सरकले. धूर क्षणभर घुटमळला. आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला. मग त्याने मान वर केली आणि तो जो सरळ वर निघाला, तो बघून काका दार उघडून बाहेर पळाले. कोट नाही, टोपी नाही, पायात घरातल्या सपाता. "या, या, बाहेर या," ते अंगणातून हाका मारत होते. आम्ही धावलो. छपरावर, पडत्या बर्फात, आमच्या धुराड्यातून निळसर धूर वर चालला होता आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा सेफ्टी ऑफिसर घोट्याएवढ्या बर्फात मान वर करून हसत उभा होता.

आत आलो तर मावशी तिथेच होत्या. खुर्ची पुढे ओढलेली, आगीपासून काकांनी आखलेल्या रेघेच्या बरोबर अलीकडे. खाली लोकरीचे मोजे आणि सुती मोजे, चारही नीट घडी करून ठेवलेले, आणि त्यांचे गोरे, सुरकुतलेले पाय उघडे, विस्तवाकडे. त्यांच्या पायात जोडवी आहेत हे मला त्या दिवशी कळलं. काका दारातच थांबले. मग खाली जमिनीवर, त्यांच्या पायांशी बसले, ओल्या सपातांसकट. सिलिंडर कुठे ठेवलाय हेसुद्धा काकांनी बघितलं नाही.

आता आम्ही नोकरीपायी अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, बेलव्ह्यूत आलो आहोत. आमच्याही घरात फायरप्लेस आहे, गॅसची, बटण दाबलं की पेटते आणि उघडण्यासारखं तिच्यात काही नाही. तिकडे मावशींचे ते लोकरीचे मोजे काकांनी जिथे देव होते त्या दगडी फळीवर खिळ्याला लावून ठेवलेत. अमेरिकेत ख्रिसमसला फायरप्लेसवर मोजे टांगतात, म्हणून मार्चात लेक व्हिडिओवर म्हणाली, "बाबा, ख्रिसमस इज ओव्हर." काका म्हणाले, "हे ख्रिसमसचे नाहीत गं." रविवारी त्यांचा फोन येतो. पूर्वीसारखा सकाळी आठच्या आत नाही, तिकडे संध्याकाळ झाली की. आता लाकडं आत आणताना गुडघे बोलतात, असं ते सांगतात, आणि मग "जावईबापू, ऐका" म्हणून फोन आगीसमोर धरतात. लाकूड तडतडत असतं. मागे कुठेतरी मावशींचं, "अहो, पुरे, फोन तापेल." इथे आमच्या खिडकीबाहेर पाऊस रिपरिपत असतो. मी पायमोजे घालून ऐकत राहतो.